खाजगी शाळेतील नोकरीचे संरक्षण: ठाणे व नवी मुंबईतील शिक्षक-शिक्षकेतरांनी संघटना, कागदपत्रे आणि मुदती कशा सांभाळाव्यात

खाजगी शाळेतील नोकरीला कायद्याचे संरक्षण आहे, एवढे बहुतेक शिक्षकांना मोघम ठाऊक असते. ते संरक्षण कोणत्या कागदाने सिद्ध होते आणि किती दिवसांच्या आत मागावे लागते, याची चौकशी मात्र सेवासमाप्तीचे पत्र हाती पडल्यावरच सुरू होते. संघटनेकडे येणारी प्रकरणे फसतात ती कायदा अपुरा आहे म्हणून क्वचितच. नेमणुकीचा आदेश जवळ नसतो, दिलेल्या अर्जाची पोच नसते किंवा अपिलाची मुदत टळून गेलेली असते. म्हणून या मार्गदर्शिकेत संघटनेचे सभासदत्व, रोजची कागदपत्रे आणि प्रसंग आल्यावर टाकायची पावले यांचा विचार एकत्र केला आहे. हे तिन्ही एकमेकांवाचून लंगडे पडतात.

आपल्याला कोणता कायदा लागू आहे

महाराष्ट्रातील मान्यताप्राप्त खाजगी शाळांसाठी ‘महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७’ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली लागू आहे. शिक्षकांच्या बोलण्यात याला ‘एमईपीएस’ असेच म्हणतात. शाळा अनुदानित असो, अंशतः अनुदानित असो वा विनाअनुदानित, हा कायदा तिला लागू होतो. ‘आम्ही सरकारकडून एक पैसाही घेत नाही, तेव्हा तो कायदा आम्हाला नाही’ असे एखाद्या व्यवस्थापनाने सांगितले तर ते चुकीचे आहे. तसेच तो केवळ शिक्षकांचा नाही. लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, शिपाई हे सर्व शिक्षकेतर कर्मचारी त्यात येतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मुख्याध्यापक आणि संस्थेने नावानिशी कळवलेले आणखी तीनपर्यंत कर्मचारी यांच्या बाबतीत सूट आहे, ती तेवढ्यापुरतीच.

ठाणे किंवा नवी मुंबई महानगरपालिकेच्या स्वतःच्या शाळांतील आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षक या कायद्याखाली येत नाहीत, कारण खाजगी शाळेच्या व्याख्येतून शासन आणि स्थानिक संस्था यांच्या शाळा वगळलेल्या आहेत. त्यांचे सेवानियम वेगळे. कंत्राटदारामार्फत आलेले सफाई कामगार आणि बसवरील मदतनीस यांचाही प्रश्न वेगळ्या वाटेने जातो, कारण त्यांचा मालक कागदोपत्री कंत्राटदार असतो. केंद्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मंडळाशी संलग्न शाळांमध्ये, आणि अशा शाळा घोडबंदर रस्त्यावर व पामबीचच्या आसपास पुष्कळ आहेत, वाद उभा राहिला की व्यवस्थापनाचा पहिला आक्षेप बहुधा शाळा न्यायाधिकरणाच्या, म्हणजे या कायद्याखालील अपिले ऐकणाऱ्या न्यायमंचाच्या, अधिकारकक्षेवरच असतो. अशा शाळेतील कर्मचाऱ्याने आपल्या शाळेला राज्य शासनाची कोणती मान्यता वा ना-हरकत मिळाली आहे, याची प्रत नोकरी सुरळीत असतानाच मिळवून ठेवावी.

आता कार्यालयाचा प्रश्न. नवी मुंबई म्हणून आपण जे सरसकट बोलतो ते दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे, आणि यात अनेकांची एक फेरी फुकट जाते. दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हा नवी मुंबई महानगरपालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात मोडतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा पनवेल महानगरपालिकेचा भाग रायगड जिल्ह्यात. बेलापूर आणि खारघर ही लोकलची लागोपाठची स्थानके. पण बेलापूरच्या शाळेतील शिक्षकाचे शिक्षणाधिकारी ठाण्याला बसतात आणि खारघरच्या शिक्षकाचे अलिबागला. पहिली ते आठवीच्या शाळेसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक), माध्यमिक शाळेसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक) आणि कनिष्ठ महाविद्यालयासाठी मुंबई विभागाचे शिक्षण उपसंचालक, असे अधिकाऱ्यांचे वाटप ढोबळमानाने लक्षात ठेवावे.

नेमणुकीचा आदेश नीट वाचावा

नियमावलीच्या अनुसूची ‘ड’ मध्ये नेमणूक आदेशाचा नमुना दिलेला आहे आणि आदेश त्याच नमुन्यात देणे बंधनकारक आहे. आदेश मिळाला की चार गोष्टी बोट ठेवून वाचाव्यात: पदाचे नाव, नेमणुकीचा प्रकार म्हणजे परिवीक्षाधीन (प्रोबेशनवरची), तात्पुरती की रजेच्या जागेवरची, वेतनश्रेणी किंवा मानधन, आणि कालावधी. शाळेच्या लेटरहेडवर ‘आपली नेमणूक करण्यात येत आहे’ एवढी दोन ओळींची चिठ्ठी देऊन भागवले जात असेल, तर विहित नमुन्यातील आदेशाची लेखी मागणी पहिल्याच महिन्यात करावी. तेव्हा ही मागणी साधी वाटते. तीन वर्षांनी तीच मागणी भांडणाची ठरते.

कायम स्वरूपाच्या रिक्त पदावर रीतसर निवड झालेल्या कर्मचाऱ्याचा परिवीक्षा काळ दोन वर्षांचा आहे. शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे सुरुवातीला मानधनावर, नेमणूक झाली असेल तर तो तीन वर्षांचा. या काळात काम किंवा वर्तन समाधानकारक नाही असे व्यवस्थापनाला वाटले, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी एक महिन्याचे वेतन देऊन सेवा समाप्त करता येते. मात्र तसा असमाधानाचा आधार कागदावर असावा लागतो. शिक्षण सेवकांचे मानधन १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयासाठी २०,००० रुपये झाले, हेही आदेशाशी ताडून पाहावे.

जून ते एप्रिल असा आदेश द्यायचा, मे महिन्यात सेवेत खंड दाखवायचा आणि जूनमध्ये पुन्हा नवा आदेश काढायचा, ही पद्धत विनाअनुदानित शाळांत रूढ आहे. अशी दोन-तीन वर्षे भरली म्हणजे आपण आपोआप कायम झालो, अशी अनेकांची समजूत असते. न्यायालये तसे मानत नाहीत. पद खरोखर कायम स्वरूपाचे आणि रिक्त होते का, जाहिरात देऊन रीतसर निवड झाली का, नेमणुकीच्या दिवशी उमेदवाराकडे विहित पात्रता होती का, या बाबी तेथे तपासल्या जातात. म्हणून ज्या जाहिरातीवरून आपण अर्ज केला तिचे कात्रण, मुलाखतीचे पत्र आणि प्रत्येक वर्षाचा वेगळा आदेश जपून ठेवावा. दुसरीकडे, नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता मिळालेली नाही एवढ्यावरून कर्मचाऱ्याला दाद नाकारता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवलेले आहे. मान्यतेचा प्रस्ताव पाठवणे हे संस्थेचे काम असून तो न पाठवल्याचा तोटा कर्मचाऱ्याने सोसू नये, हा त्यातला व्यावहारिक अर्थ.

संघटना निवडताना आणि सभासद होताना

संघटना स्थापन करण्याचा आणि तिचे सभासद होण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(ग) ने दिलेला आहे. त्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी लागत नाही आणि त्यांना कळवण्याचीही सक्ती नाही. शिक्षक भारती, महाराष्ट्र राज्य शिक्षक परिषद, टीडीएफ (टीचर्स डेमोक्रॅटिक फ्रंट), प्राथमिक शिक्षक समिती अशा राज्यपातळीवरच्या संघटना आहेत. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संघटना वेगळ्या आहेत. कोणती चांगली याचा निवाडा येथे करायचा नाही, परंतु निवड करताना झेंड्यापेक्षा कामाकडे पाहावे एवढे निश्चित सांगता येते. कोकण विभाग शिक्षक मतदारसंघाची निवडणूक जवळ आली की ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत सर्वच संघटनांना शिक्षकांचे प्रश्न एकाएकी आठवतात. निवडणूक नसलेल्या वर्षी त्या जिल्हा परिषदेत कोणत्या फायली घेऊन जातात, ते विचारावे.

विचारायचे प्रश्न सरळ आहेत. संघटना नोंदणीकृत आहे का आणि दरवर्षीचा हिशेब सभासदांपुढे ठेवला जातो का? तालुका आणि जिल्हा पदाधिकाऱ्यांची निवड ठरल्या वेळी होते का? विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांतील सभासदांची प्रकरणे ती घेते का, की तिचे सारे लक्ष अनुदानितांच्या वेतनावर, अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांना दुसऱ्या शाळेत सामावून घेण्यावर (समायोजनावर) आणि शालार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतनप्रणालीच्या अडचणींवर आहे? हा शेवटचा प्रश्न नवी मुंबईत विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथील शाळांचा मोठा भाग विनाअनुदानित आहे आणि पुष्कळ संघटनांची घडण अनुदानित शाळांच्या लढ्यांतून झालेली आहे.

सभासद होताना अर्जावर स्वतःच्या हाताने तारीख घालावी, वर्गणी शक्यतो खात्यावर भरावी, पावतीवर कोणत्या वर्षाची वर्गणी ते लिहून घ्यावे आणि दरवर्षी ती न चुकता नवी करावी. नोटीस आल्यावर सभासद होणाऱ्याला संघटना दारातून परत पाठवत नाही, पण तोपर्यंत पहिले दोन आठवडे निघून गेलेले असतात आणि त्या दोन आठवड्यांतच काय गमवायचे असते ते पुढे चौकशीच्या भागात दिसेल. एका शाळेतील चार-पाच जण मिळून सभासद झाले तर उत्तम. एकट्याने केलेला अर्ज तक्रार ठरतो; पाच जणांनी तोच विषय मांडला की व्यवस्थापनाला बैठक घ्यावी लागते.

संघटना काय करू शकत नाही हेही समजून घ्यावे. शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवले. त्यामुळे कारखान्यातील युनियनप्रमाणे कामगार आयुक्तांकडे जाऊन शिक्षकाच्या बडतर्फीचा वाद उभा करण्याचा मार्ग त्याला मोकळा नाही. त्याची वाट शिक्षणाधिकारी, शाळा न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय अशी जाते. तसेच अपील करण्याचा हक्क कर्मचाऱ्याचा स्वतःचा आहे. संघटनेने शिक्षणाधिकाऱ्यांना दिलेले निवेदन म्हणजे अपील नव्हे, आणि त्या निवेदनाने अपिलाची मुदत थांबत नाही. ‘साहेबांशी बोलणे झाले आहे, महिनाभर थांबा’ या सल्ल्यावर विसंबलेल्यांचे सर्वाधिक नुकसान होते, मग तो सल्ला कितीही सद्भावनेने दिलेला असो.

स्वतःची फाईल

शाळेत आपली फाईल असतेच; तिची दुसरी प्रत घरी असावी. सेवापुस्तक वर्षातून एकदा पाहायला मागावे, त्यातील वेतनवाढ, रजा आणि पात्रतेच्या नोंदी तपासाव्यात आणि पानांचे छायाचित्र घ्यावे. सेवाज्येष्ठता यादी शाळेने ठेवणे व कर्मचाऱ्यांना दाखवणे नियमाने आवश्यक आहे. तिच्यावर हरकत असेल तर लेखी नोंदवावी. तो वाद शाळेत मिटला नाही तर निर्णयासाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. मुख्याध्यापकपदाच्या वेळी होणाऱ्या बहुतेक भांडणांचे मूळ दहा वर्षांपूर्वी सही करून परत दिलेल्या यादीत सापडते. गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेरा कळवला गेला, तर त्यावर उत्तर न देता गप्प बसणे म्हणजे तो मान्य केल्यासारखे होते.

वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शाळेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. विनाअनुदानित शाळेतील कर्मचाऱ्याने आपले युएएन (निधी खात्याच्या क्रमांकाचे) पासबुक दर तीन महिन्यांनी उघडून पाहावे, कारण पगारपत्रकात कपात दिसते म्हणजे रक्कम खात्यात जमा झालीच असे नाही. पासबुकातील नोंद नोकरीच्या सलगतेचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडते. नेमणुकीचा आदेशच दिला नव्हता अशा प्रकरणांत हजेरीपटाची प्रत, बँकेत जमा झालेला पगार आणि निधीच्या नोंदी यांवरूनच नोकरी सिद्ध करावी लागते.

अर्ज देण्याची रीत क्षुल्लक वाटते, तरी तिच्याकडे बारकाईने पाहावे. अर्ज दोन प्रतींत काढावा. शाळेच्या कार्यालयात एक प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर शाळेचा गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. नुसता शिक्का आणि अस्पष्ट सही ही पोच अर्धवटच, कारण आवक नोंदवहीत त्या तारखेला नोंदच नव्हती असे नंतर म्हणता येते. क्रमांक असला की नोंदवही दाखवावी लागते. ‘मुख्याध्यापक आले की घेऊ, ठेवून जा’ असे सांगितले गेले, तर वाद न घालता तोच अर्ज त्याच दिवशी टपालाने आणि शाळेच्या अधिकृत ईमेलवर पाठवावा. नियमावलीत ठिकठिकाणी नोंदणीकृत टपालाचा उल्लेख आहे. २०२५ मध्ये ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली असल्याने आता खिडकीवर स्पीड पोस्ट करताना ‘नोंदणी’ ही जोडसेवा स्पष्टपणे मागावी आणि पोहोचल्याचा पुरावा डाऊनलोड करून ठेवावा.

कोरा राजीनामा

नेमणुकीच्या वेळीच तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवण्याची प्रथा काही संस्थांत आजही आहे. नेमकी हीच गोष्ट डोळ्यांपुढे ठेवून अधिनियमाच्या कलम ७ मध्ये राजीनाम्याची पद्धत घालून दिली आहे: कर्मचाऱ्याने राजीनामा दोन प्रतींत तयार करावा, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवावी आणि दुसरी स्वतःकडे ठेवावी. टपालाचा पुरावाच नसलेला, संस्थेच्या कपाटातून निघालेला राजीनामा या कसोटीला उतरत नाही. दडपणाखाली सही द्यावीच लागली असेल, तर त्याच आठवड्यात व्यवस्थापनाला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे की अशा तारखेला, अमुक ठिकाणी, अशा परिस्थितीत सही घेण्यात आली आणि नोकरी सोडण्याचा आपला इरादा नाही. खरोखर नोकरी सोडायची असेल तेव्हा कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एक महिन्याची नोटीस द्यायची असते.

निलंबन आणि चौकशी

निलंबन म्हणजे नोकरी गेली असे नव्हे, परंतु ज्या निष्काळजीपणाने पुढे नोकरी जाते तो येथेच सुरू होतो. व्यवस्थापनाला कर्मचाऱ्याला निलंबित करण्यापूर्वी शिक्षणाधिकाऱ्यांची, कनिष्ठ महाविद्यालयाच्या बाबतीत उपसंचालकांची परवानगी घ्यावी लागते आणि निलंबनाचा काळ पूर्वपरवानगीखेरीज चार महिन्यांहून अधिक असू शकत नाही. परवानगी घेऊन निलंबित केलेल्या कर्मचाऱ्याची चौकशी चार महिन्यांत पूर्ण झाली नाही, तर निलंबन आपोआप संपते आणि तो कामावर रुजू झाला असे मानले जाते, चौकशी पुढे चालू राहिली तरी. परवानगीच घेतली नसेल, तर निर्वाह भत्त्याचा भार पहिल्या दिवसापासून संस्थेवर पडतो. पहिल्या चार महिन्यांचा भत्ता अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका असतो. निलंबनाचा आदेश हाती आला की परवानगीच्या पत्राची प्रत लेखी मागावी आणि भत्त्यासाठी दरमहा स्वतंत्र पत्र द्यावे.

मोठी शिक्षा द्यायची, म्हणजे सेवेतून काढायचे किंवा पदावनती करायची, तर चौकशीवाचून देता येत नाही. आधी दोषारोपांचे विवरण मिळते आणि त्यावर सात दिवसांत खुलासा द्यायचा असतो. खुलासा समाधानकारक वाटला नाही तर चौकशी समिती नेमली जाते. ही समिती तीन जणांची: एक व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, एक राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या नामिकेतून (यादीतून) निवडलेला सदस्य, आणि एक सदस्य खुद्द कर्मचाऱ्याने सुचवलेला. हा तिसरा सदस्य आपल्याच शाळेतील असण्याची गरज नाही. तो कोणत्याही खाजगी शाळेतील कर्मचारी चालतो. संघटनेचे सभासदत्व प्रत्यक्ष कामी येण्याची सर्वांत मोठी जागा माझ्या मते हीच आहे. आपल्या शाळेतला सहकारी त्याच व्यवस्थापनाचा नोकर असतो आणि त्याच्यावरही दडपण असते. डोंबिवलीच्या किंवा कळव्याच्या दुसऱ्या संस्थेत वीस वर्षे काढलेला, अशा चार समित्यांवर बसलेला शिक्षक संघटना पाठवू शकते. तो वकील म्हणून नव्हे, तर निर्णयात मत असलेला सदस्य म्हणून बसतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते.

हे नाव कळवण्याची मुदत पंधरा दिवसांची आहे. त्या मुदतीत नाव गेले नाही, तर समिती उरलेल्या दोघांचीच मानली जाते आणि त्या दोघांत आपला माणूस कोणी नसतो. रागाच्या भरात ‘ही समितीच मला मान्य नाही’ असे लिहून नाव न देणारे कर्मचारी थोडे नाहीत. त्यांनी आक्षेप जरूर नोंदवावा, पण आक्षेप राखून ठेवून नाव द्यावेच, आणि सोबत त्या सदस्याची लेखी संमती जोडावी.

चौकशीच्या प्रत्येक बैठकीचे कामकाज लिहिले जाते. त्यावर सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावे, आपण विचारलेला प्रश्न आणि साक्षीदाराचे उत्तर जसेच्या तसे आले आहे का ते पाहावे आणि प्रत त्याच वेळी मागावी. संस्थेच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेणे आणि आपले साक्षीदार व कागद सादर करणे हा हक्क आहे. समितीने तो नाकारला तर नकार कामकाजात नोंदवून घ्यावा, नोंदवत नसतील तर त्याच संध्याकाळी टपालाने कळवावे. समितीने साधारणपणे १२० दिवसांत चौकशी पूर्ण करायची असते. शेवटी चौकशीचा गोषवारा टपालाने येतो आणि त्यावर पुन्हा सात दिवसांत आपले म्हणणे मांडता येते. ही संधी पुष्कळांकडून वाया जाते, कारण तोवर माणूस थकलेला असतो. तसे होऊ देऊ नये. अपिलात न्यायाधिकरण हीच कागदपत्रे वाचते.

सेवासमाप्ती आणि तीस दिवस

सेवेतून काढले, बडतर्फ केले, अन्य रीतीने सेवा समाप्त केली, पदावनती केली किंवा बढतीत डावलले, तर कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांची. पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण त्या माफीसाठी वेगळा अर्ज, त्यावर वेगळे युक्तिवाद आणि आणखी काही महिने असा तो व्यवहार आहे. त्यावर भिस्त ठेवू नये. आदेश मिळालेल्या दिवशी पाकिटावरचा टपालाचा शिक्का जपावा आणि पाकीटही टाकून देऊ नये. पहिल्या आठवड्यात वकील गाठावा, तो सेवाविषयक प्रकरणे करणारा असावा, आणि संघटनेकडे अशा वकिलांची माहिती असते.

लेखी आदेश न देता ‘उद्यापासून येऊ नका’ एवढेच सांगितले जाते, किंवा जूनच्या पहिल्या दिवशी फाटकावरचा सुरक्षारक्षक नाव यादीत नाही म्हणून आत सोडत नाही. अशा वेळी आदेशाची वाट पाहत घरी बसणे सर्वांत घातक, कारण दोन महिन्यांनी संस्था ‘कर्मचारी स्वतःहून गैरहजर राहिला’ असे म्हणते. त्याच दिवशी, वेळ नमूद करून, आपण कामावर हजर झालो होतो आणि आपल्याला प्रवेश नाकारला गेला असे पत्र संस्थेला व शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवावे, आणि तीस दिवस त्या तारखेपासून मोजावेत. तोंडी सेवासमाप्तीविरुद्धही अपील होते.

अतिरिक्त ठरल्यामुळे होणारी कपात हा वेगळा विषय आहे. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या पदसंख्येत, पद कमी झाले तर कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि अनुदानित शाळांत समायोजनाची पद्धत आहे. तेथे सेवाज्येष्ठता यादीतील आपले स्थान आणि प्रवर्ग यांवरच सारे अवलंबून असते.

टीईटीचाही येथे उल्लेख करणे भाग आहे. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतील ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, मात्र बढतीसाठी परीक्षा लागेल. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. संघटनांचे प्रयत्न चालू आहेत म्हणून अर्जच न भरणे शहाणपणाचे नाही. अर्ज भरावा, परीक्षा द्यावी आणि प्रवेशपत्रासह सर्व कागद फाईलला लावावेत.

पगार, उपदान आणि इतर तक्रारी

पगार थकणे, बदली, रजा नाकारणे या बाबी न्यायाधिकरणाच्या अपिलात येत नाहीत. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार आणि गरज पडल्यास उच्च न्यायालयात याचिका हा मार्ग आहे. आपल्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली हे महिना उलटूनही कळत नसेल, तर जिल्हा परिषदेकडे माहिती अधिकारात टिपणीसह प्रत मागावी. निवेदनापेक्षा हा अर्ज पुष्कळदा लवकर हलतो.

विनाअनुदानित शाळेतील शिक्षकालाही पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर उपदान (ग्रॅच्युइटी) मिळते. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना ३ एप्रिल १९९७ पासून उपदान कायद्यात आणले आणि सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती २०२२ मध्ये वैध ठरवली. अखेरच्या मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणले की रक्कम निघते. लैंगिक छळाची तक्रार असेल तर दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शाळेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे.

अपील जिंकल्यानंतर

न्यायाधिकरणाला पुन्हा कामावर घेण्याचा, पूर्वीचे पद देण्याचा, थकीत वेतन देववण्याचा किंवा शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार आहे. पुन्हा कामावर घ्यायचे नाही असे ठरले, तर दहा वर्षे वा अधिक सेवा असल्यास बारा महिन्यांचे आणि त्याहून कमी असल्यास सहा महिन्यांचे वेतन भरपाई म्हणून देता येते. वीस वर्षांच्या सेवेला बारा महिन्यांचा पगार हा हिशेब कोणाला न्याय्य वाटणार नाही, परंतु तडजोडीच्या बोलण्याला बसताना तो माहीत असावा.

आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली की दुसऱ्याच दिवशी रुजू अहवाल दोन प्रतींत तयार करून, संघटनेचा एक पदाधिकारी सोबत घेऊन शाळेत जावे. घेतला नाही तर तो टपालाने पाठवावा आणि शिक्षणाधिकाऱ्यांना प्रत द्यावी. व्यवस्थापनाला आदेश पाळण्यासाठी किमान तीस दिवसांची मुदत दिलेली असते. त्या काळात दर आठवड्याला शाळेत जाऊन हजर झाल्याची पोच मागत राहावी, आणि व्यवस्थापन उच्च न्यायालयात स्थगितीसाठी जाण्याची शक्यता असल्याने तेथे आधीच कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याखेरीज आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल करावे. मुदत संपूनही आदेश पाळला गेला नाही, तर कलम १३ खाली व्यवस्थापनावर दंडनीय कारवाई होऊ शकते. शाळा अनुदानित असेल तर कर्मचाऱ्याची देय रक्कम संस्थेच्या अनुदानातून कापून थेट त्याला द्यावी, अशी शिफारस न्यायाधिकरण शासनाकडे करू शकते. ही विनंती मूळ अपिलाच्या मागण्यांतच लिहून घेण्यास वकिलांना सांगावे.